लालसाबची कार्डं वाचायला कोण बसणार?

लालसाब आमच्या कारखान्यात चादरीची कार्डं पाडायचा. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो विचारतो, "पत्त्यांची का?" मग माझं डोकं फिरतं. लोक सोलापुरी चादर अंगावर घेऊन जन्म काढतात, पण तिच्यावर फूल कसं उमटतं हे विचारायचं कुणाला सुचत नाही. तर मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र असतं आणि त्याच्यावरून पुठ्ठ्याची कार्डं माळेसारखी फिरतात. कार्डाला जिथं भोक, तिथला दोरा वर उचलला जातो. जिथं कोरं, तिथला खाली राहतो. एवढंच. पण एक भोक चुकलं की चादरीच्या प्रत्येक फुलात तीच चूक येते आणि कार्ड बदलेपर्यंत येतच राहते.

ही भोकं पाडायच्या यंत्राला आम्ही पेटी म्हणायचो, कारण त्याला भजनातल्या पेटीसारख्या पट्ट्या होत्या. समोरचा नक्षा बघायचा, हव्या त्या पट्ट्या बोटांनी दाबून धरायच्या आणि पायानं दांडा मारायचा. लालसाब हे सगळं गप्पा हाणत करायचा. गडी बढाईखोर होता. "मास्तर झोपेत नक्षा काढू द्या, मी जागेपणी दुरुस्त करून पाडतो," असं तो नक्षा काढणाऱ्या गुरुबसप्पा मास्तरांच्या तोंडावर म्हणायचा. मी जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारा. मला तो म्हणायचा, "पंचाक्षरी, तुज्या मागाला खोकला झालाय, काढा पाज." त्याच्या बेसूर गाण्याचा आम्हाला वैताग यायचा. तरी तो एखादा दिवस आला नाही तर शेडमध्ये करमायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं असेल, तेव्हा त्याच्या कार्डांत चुका निघायला लागल्या. चूक नेहमी एकाच जागी, उजवीकडच्या शेवटच्या पट्टीची. त्या पट्टीवर करंगळी असते. दोन ताणे, म्हणजे मागावर चढवलेले उभे दोरे, वाया गेल्यावर शेठनी आवाज न चढवता सांगितलं, "आणखी एकदा झालं तर पेटीवर दुसरा माणूस बसवीन." शेठचा आवाज चढला नाही की आम्ही घाबरत असू.

"स्प्रिंग कडक झालीय," लालसाब म्हणाला. फिटर सिद्धप्पाच्या मागं लागून त्यानं पेटीत एक छोटा बदल करून घेतला. करंगळीच्या पट्टीचं काम अंगठ्याकडं द्यायचं. सिद्धप्पानं सायकलची तार वाकवून खालून एक जोड बसवला आणि अंगठ्यापाशी जास्तीची पट्टी लावली. दिसायला काहीच नाही, पण पेटीत काही बदल केला की पुढची कार्डं वाचायला बसायचा आमच्याकडं नियम होता. नवं कार्ड पाडायचं आणि दोघांनी ते वाचायचं. एकजण नक्ष्यावरून बोलणार, "दोन भोकं, एक कोरं," आणि दुसरा कार्डावर बोट फिरवून "व्हय" म्हणणार. नुसतं उजेडाला धरून भागत नाही, कारण कधी पुठ्ठ्याची टिकली भोकात अर्धवट लोंबत राहते आणि ती बोटालाच कळते. ज्यानं कार्ड पाडलं त्यानं मात्र पाठ फिरवून गप बसायचं. तो बोलला की त्याच्या मनातलं कार्ड वाचलं जातं, हातातलं नाही, असं मास्तर म्हणायचे.

त्या दिवशी लालसाबनं कार्डं पाडली आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मास्तरांनी नक्षा धरला, सिद्धप्पानं बोट फिरवलं. मी उभा राहून ऐकत होतो. एकही भोक चुकलं नव्हतं. सिद्धप्पाची छाती फुगली. शेवटचं कार्ड उलटं केलं तर कडेला लाल डाग. ओला.

"कुणाचं रगत हे?" मास्तर म्हणाले.

सिद्धप्पानं आपले हात बघितले, मी माझे बघितले. लालसाबही वळला आणि आमच्याकडं बघत म्हणाला, "कुणाला लागलं रं?" त्याच्या उजव्या करंगळीवरून रक्ताची धार मनगटापर्यंत आली होती. तारेचं टोक वर आलं होतं आणि करंगळी त्याच्यावर टेकून होती. सिद्धप्पानं ते कानशीनं घासलं नव्हतं. घासावं असं त्याला वाटलंच नसणार, कारण टोचलं तर माणूस ओरडतो.

लालसाबनं सगळ्यांच्या नजरा बघितल्या, मग हात बघितला. "बारीक टोक हाय, कळलं न्हाय," म्हणून हसला. आम्ही कुणी हसलो नाही. मास्तरांनी पट्टी आपल्या करंगळीनं दाबून बघितली. अलगद खाली गेली. स्प्रिंगमध्ये काही बिघाड नव्हता.

तो शब्द कुणी उच्चारला नाही. आमच्या गल्लीत ज्याला महारोग झाला होता, त्याचं घर लोकांनी सहा महिन्यांत रिकामं केलं होतं, त्याच्या बायकोच्या हातचं पाणी बंद केलं होतं. मास्तर एवढंच म्हणाले, "बदल बरोबर हाय. ऱ्हाऊ द्या." आणि नळावर जाऊन हात धुवायला लागले. सिद्धप्पा त्यांच्या मागं रांगेत.

मला वाटलं, झालं, निभावलं. अंगठ्याची पट्टी झकास चालत होती, लालसाबनं नव्या नक्ष्याची कार्डं पाडायला घेतली. पण वाचायला कुणी येईना. मास्तरांचे डोळे दुखत होते. सिद्धप्पाचा कुठला तरी पट्टा रोज तुटत होता. पेटी बदलल्यावर न वाचलेली कार्डं ओवायची नाहीत आणि मागावर चढवायची नाहीत, हा नियम. कार्डांचा ढीग वाढत चालला, माझा माग रिकामा उभा राहिला आणि शेठनी विचारलं की उत्तर तयार होतं, "लालसाबची कार्डं आली न्हाईत." सोमवारी नवा माणूस येणार असं ठरलं. लालसाबला कुणी काढलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. अशा सभ्यपणाची मला किळस येते. तोंडावर शिवी द्या की, निदान माणसाला भांडता तरी येतं!

लालसाबचं गाणं थांबलं. चहा आला की तो आपला पेला घेऊन दाराबाहेर जाऊन बसायचा, कुणी जा म्हणायच्या आत. मी त्याला दोनदा म्हटलं, "दवाखान्यात जाऊन ये. आता गोळ्या मिळत्यात त्याच्यावर." दोन्ही वेळा तो म्हणाला, "कशावर? मला काय झालंय? स्प्रिंग कडक व्हती." दवाखान्याच्या रांगेत मोहल्ल्यातलं कुणीतरी बघणारच, याची त्याला रोगाहून जास्त भीती.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मी पेटीपाशी गेलो आणि कार्डांचा ढीग मांडीवर घेतला. भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण मास्तरांवरचा राग भीतीपेक्षा मोठा होता.

"नक्षा घे. वाच," मी म्हटलं.

"मी? ज्यानं पाडलं त्यानं वाचायचं न्हाय."

"मग कोण वाचणार? शेठ? वाच तू."

त्यानं नक्षा उचलला. पहिल्यांदा तोंडातल्या तोंडात वाचलं. "तीन भोकं, एक कोरं..." मी बोट फिरवून व्हय म्हणत गेलो. दहाएक कार्डं झाली तसा त्याचा आवाज सुटला, चाल आली, मध्येच एक चावट शेरा पण मारला. मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं राहिलं.

आणि एका कार्डावर माझं बोट अडलं.

त्यानं भोक म्हटलं होतं. बोटाखाली कोरं होतं. मी परत फिरवलं. कोरंच. शेवटच्या पट्टीची जागा नव्हती ती, तिच्या अलीकडची होती. एक क्षण वाटलं, व्हय म्हणावं आणि पुढं जावं. आठवडाभरानं हा माणूस माणसात आला होता, त्याला आत्ता सांगू तरी कसं? पण व्हय म्हटलं असतं तर माझ्यात आणि त्या डोळे दुखणाऱ्यात काय फरक?

"लालसाब, हितं भोक न्हाय."

"असंल की. नीट बघ."

"दोनदा बघितलं. करंगळीचं न्हाय हे. शेजारच्या बोटाचं हाय."

त्यानं नक्षा खाली ठेवला. कार्ड घेऊन स्वतः बघितलं. मग डाव्या हाताच्या नखानं उजव्या हाताचं ते बोट दाबलं, जोरात, नख पांढरं होईपर्यंत. चेहऱ्यावर कळ उमटली नाही. बाहेर कुणीतरी जोरजोरानं हसत होतं.

"दवाखान्यात संगट येतोस का?" तो हळूच म्हणाला. "एकट्याला जमायचं न्हाय मला."

"येतो की. पण आदी हे कार्ड नवं पाड," मी म्हटलं. "चुकलेलं कार्ड मी माज्या मागावर चढवत नसतो."