कानाला बांधलेला रुमाल

पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही आमच्याकडची रीत. बिदरच्या दवाखान्यात दुसरीही मुलगीच झाली म्हटल्यावर सासूबाई दारातूनच परतल्या. मी पडल्या पडल्या त्यांना शिव्या घालत होते. शेजारच्या खाटेवर सुनेपाशी बसलेली म्हातारी उठली, स्वतःच्या कानांवरचा रुमाल सोडून माझे कान बांधू लागली.

"कुणाचे उपकार नकोत मला."

"गप पड, पोरी. कान बांधले की वारं बी शिरत न्हाई, लोकांचं बोलणं बी," म्हणत तिने बाळ माझ्या कुशीत दिलं.

चिटगुप्प्याच्या बाजारात भावावरून कुणाला हार न जाणारी मी तो रुमाल तसाच राहू दिला. तिचं नाव विचारायचं राहिलंच.

बारशाला सासूबाई साडी घेऊन आल्या. तिची घडी मी अजून मोडलेली नाही. रुमाल मात्र विरेपर्यंत बांधला.