कोंड्याचा खोकला

"टाक तोंडात. माह्यासमोर."

पदराची गाठ सोडून ती गुळाचा खडा काढायची, लोखंडी खांबावर आपटून त्याचे तुकडे करायची आणि एक तुकडा खोकणाऱ्याच्या तळहातावर ठेवायची. मग जायची नाही. कमरेवर हात ठेवून समोर उभी. माणूस गूळ चघळेपर्यंत, गिळेपर्यंत. त्यानंतर एकच प्रश्न: "उतरला?" उतरला म्हटल्याशिवाय सुटका नव्हती. पाठीवर पोती घेऊन धावणारे आडदांड हमाल तिच्यापुढे शाळकरी पोरांसारखे तोंड उघडून दाखवायचे.

गोंदियात मुर्रीच्या बाजूला एका राइस मिलमध्ये मी मिस्त्री आहे. ती तिथं झाडायची आणि सुपानं कनकी, म्हणजे तांदळाची कणी, पाखडायची. हजेरीला तिचं काय नाव होतं ते असो, आम्ही सगळे तिला मायच म्हणायचो.

तुम्ही चालू राइस मिलमध्ये कधी उभे राहिला नसाल तर सांगतो. धानाचा कोंडा हवेत इतका असतो की दुपारपर्यंत माणसाच्या भुवया पांढऱ्या होतात. आमच्याकडे खोकला हे दुखणं नाहीच, ती नोकरीची खूण आहे. मिलमधला माणूस खोकला नाही तर लोक विचारतात, काय गा, कामावर नाही काय? आणि गुळानं कोंडा खाली उतरतो, हे आमचं शास्त्र. डॉक्टर हसतात. हसू द्या. हंगाम लागला की शेठ गुळाची भेली पाठवायचा आणि ती वाटण्याचा मान मायचा होता. तो तिला कोणी दिला नव्हता. तिनं घेतला होता.

एकदा बँकेचा साहेब माल बघायला आला. पाच मिनिटांत ठसका लागला. माय गूळ घेऊन हजर.

"मुझे शुगर है, माँजी," साहेब म्हणाला.

"साखरेची गोष्ट कोन करून राहिला? हा तं गूळ होय. टाक तोंडात."

साहेबानं टाकला. शेठ कपाळाला हात लावून बसला होता. "उतरला?" मायनं विचारलं, आणि साहेबानं चक्क मान डोलावली.

मुर्रीत ती एका खोलीत एकटी राहायची. नवरा कधीचाच गेलेला, लेक दवनीवाड्याला दिलेली. संध्याकाळी बाकीच्या बाया लगबगीनं घरी निघत. हिचं झाडणं मात्र संपता संपत नसे. झाडलेलंच परत झाडायची. एकदा मी चिडून म्हटलं, "जा ना आता, मले कुलूप लावाचं हाये." ती म्हणाली, "घरी जाऊन कायले? एकटीसाठी रांधाचा कंटारा येते, मिस्त्री." मग मी कुलूप जरा उशिरा लावू लागलो. माझीही घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं, त्यामुळे फार काही मोठेपणा केला असं नाही.

मग पावसाळा आला आणि मिल दुरुस्तीसाठी बंद झाली. हमाल शेतात रोवणीला गेले. राहिलो मी, उघडून ठेवलेलं पॉलिशर आणि जाळी-जळमटं काढायला माय. मिल बंद असली की किती शांत असते, ते मिलवाल्यालाच कळतं. पावसाचं पाणी पत्र्यावरून गळताना ऐकू येत होतं. आणि मला मायचा खोकला ऐकू आला.

इतकी वर्षं शेजारी काम केलं, पण तो मी नीट ऐकलाच नव्हता. यंत्राच्या घरघरीत सगळ्यांचेच खोकले बुडून जातात. हा खोकला खोलातून येत होता आणि थांबत नव्हता. कोंडा कुठेच नव्हता. हवा धुतल्यासारखी. तरी ती खोकत होती, आज खोकली, दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दिवस कलला की ती बारदाना अंगावर ओढून बसायची.

"माय, ताप येते का?"

"सांजी येते थोडा. पावसाच्या वल्यानं येते."

"मिल बंद हाये. कोंडा नाई. मंग खोकला कायचा?"

ती पदराच्या गाठीशी चाळा करत राहिली. मी सरळच सांगितलं, दवाखान्यात चल, थुंकी तपासू, टीबी असू शकते.

असं कसं बोलावं याचं काही शिक्षण मला नव्हतं. नटबोल्टशी बोलणारा माणूस मी. ती भडकली. "टीबी बिडीवाल्याले होते. मी का बिडी पेतो?" थोड्या वेळानं राग उतरला आणि खरी गोष्ट बाहेर आली. अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "अन् निघाला, तं लोक माह्या हातचं खातीन का?"

मरणाचं तिनं विचारलंच नाही. मला त्या प्रश्नाचा इतका राग आला, आणि तिची इतकी दया आली, की मी पाना खाली टाकला आणि मोटरसायकल काढली.

सरकारी दवाखान्यात थुंकीला डबी दिली. पैसे लागत नाहीत, एवढं ऐकून ती जरा सैल झाली. मागच्या मोकळ्या अंगणात जाऊन, खोल खोकून बेडका काढायचा होता, नुसती लाळ चालत नाही. डबी हातात घेऊन माय माझ्याकडे बघत राहिली.

"तिकडे तोंड कर."

"काऊन?"

"मानसासमोर थुकाची लाज वाटते, बापा."

ज्या बाईनं अख्ख्या मिलला समोर उभं करून गिळायला लावलं, तिला स्वतःला कुणी बघितलेलं चालत नव्हतं. मी भिंतीकडे तोंड केलं. मागे बराच वेळ खोकला ऐकू येत राहिला.

टीबीच निघाला.

दवाखान्याकडून आशाताई मायच्या घरी आली. तिनं गोळ्या समजावल्या, सहा महिने एकही दिवस सोडायचा नाही म्हणाली, तोंडाला कापड बांधायला सांगितलं. रोवणी आटोपून हमाल परतले तेव्हा ती मिलमध्येही आली. जवळ बसणाऱ्या सगळ्यांनी तपासून घ्या, हा रोग हवेतून लागतो, ताटवाटीतून नाही, गुळातून तर नाहीच नाही, आणि खिडक्या उघड्या ठेवा, असं तिनं सांगितलं. आम्ही सगळ्यांनी तपासून घेतलं. कुणाला काही निघालं नाही. वरच्या खिडक्या कोंडा शेजारी उडू नये म्हणून वर्षानुवर्षं बारदान्यानं बुजवल्या होत्या. मी शिडी लावून ते बारदाने फाडून काढले. शेठ ओरडला. ओरडू दिलं.

पण लोकांनी हवेचं ऐकलं नाही, गुळाचंच धरून ठेवलं. मायनं फोडून ठेवलेला गूळ कुणीतरी नालीत टाकला होता.

शेठनं तिला बरी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्या सहा महिन्यांत तिच्या खोलीकडे नेमानं जाणारे दोघंच, आशाताई आणि मी. घरमालकिणीनं नळाची वेळ वेगळी करून दिली होती. लेक एकदा आली, तपासून घेऊन, कापड बांधून. पोरांना आणलं नाही. मायनंच आणू नको म्हणून निरोप धाडला होता. कामावर जाताना मी रोज तिच्या दारात थांबायचो. ती अंगणात पिढ्यावर बसलेली असायची, गोळ्यांची पट्टी मांडीवर, जणू गाडीची वाट बघत असावी.

"टाक तोंडात," मी म्हणायचो. "माह्यासमोर."

पहिल्या दिवशी ती हसली. मग ते रोजचंच झालं. गिळून झालं की तीच सांगायची, "उतरला."

एका सकाळी मात्र ती दारातच उभी, चेहरा पडलेला. "मिस्त्री, मी आता जगत नाई. लाल पानी जाऊन राहिलं." मी तिथूनच आशाताईला फोन लावला तर ती फोनवरच हसायला लागली. लघवीला गोळ्यांचा रंग येतो म्हणाली, घाबरायचं नाही. मी मायला सांगितलं. "मंग पयलेच नाई सांगा लागे का?" ती खेकसली, आणि तेव्हा मला वाटलं की ही वाचते.

दोन महिन्यांत खोकला थांबला, ताप गेला, बांगड्या मनगटावर आल्या. आणि बाईसाहेबांनी गोळ्या बंद करायचं ठरवलं. "खोकला गेला, आता गोरी कायले?"

"माय, पट्टा अर्धाच चढवून मशीन चालू करते का कोनी?"

मिलमध्ये तिनं तसा सुटलेला पट्टा एकदा पाहिला होता. त्यानं पत्रा फाडला होता. तिनं गोळी तोंडात टाकली.

सहा महिने पुरे झाले. शेवटची तपासणी साफ आली. डॉक्टरांनी सांगितलं, आता ही इतर कुणाहीसारखी. हंगाम भरात होता. माय धुतलेलं लुगडं नेसून मिलमध्ये आली आणि तिच्या पदराला गाठ होती.

पहिल्याच दिवशी एक हमाल खोकला. मायनं खांबावर खडा फोडला, त्याच्या हातावर ठेवला. तो म्हणाला, "खातो माय, मंग खातो." मूठ मिटून तो पोत्यांमागे गेला. दुसरा म्हणाला, दात दुखते. बायांनी गूळ ओच्यात ठेवला. कुणी तोंडावर नाही म्हटलं नाही. इकडची माणसं एरवी काय तोंडफाटकं बोलतात! तेव्हाच सगळ्यांना सभ्यपणा सुचला.

काही दिवसांनी मला एक बदल दिसला. माय गूळ द्यायची आणि लगेच पाठ फिरवायची. "टाक तोंडात" नाही, "उतरला?" नाही. हातावर खडा ठेवला की झाडू उचलून चालू लागायची, समोरच्याला तिच्यादेखत काही करावं लागू नये म्हणून.

आणि संध्याकाळी मिल झाडायचीही तीच. मी एकदा यंत्राला तेल देत होतो. ती झाडलेला कोंडा सुपात घेऊन पाखडत होती. कोंडा उडून गेला आणि सुपात गुळाचे खडे राहिले. तिनं दिलेले, सगळेच्या सगळे. ती फुंकर मारून एकेक बाजूला ठेवत होती.

"माय," मी म्हटलं.

"मुंग्याईले टाकतो," ती म्हणाली. "वाया कायले जाऊ द्याचा?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा पदराला गाठ होतीच.

होळीच्या सुमारास तिनं सांगितलं की लेकीकडेच राहायला जाते, दवनीवाड्याला. नातवंडं आता जवळ येतात म्हणाली. राहा असं मी म्हणायला हवं होतं असं तुम्हाला वाटेल. पण कशासाठी राहा म्हणू? निघायच्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा लवकर झाडून घेतलं. पिशवी उचलली आणि माझ्याकडे आली. मी दिवसभर पॉलिशरखाली होतो, घसा खवखवत होता. तिनं खांबावर खडा आपटला, तुकडा माझ्या काळ्या तळहातावर ठेवला आणि सवयीनं पाठ फिरवून निघाली.

"माय, थांब!" मी यंत्राच्या घरघरीवर ओरडलो.

ती थांबली, पण वळली नाही.

"इकडे पाह ना. पाहून जा."

ती वळली. मी गूळ तोंडात टाकला. त्याला पदरातला कोंडा लागला होता, दाताखाली कचकच लागली. मी सावकाश चघळला. तिनं पिशवी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून ती समोर उभी राहिली. मिल चालू होती, ओरडल्याशिवाय तिला काही ऐकू गेलं नसतं, म्हणून मी गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवलं.

"उतरला?" तिचे ओठ हलले.

मी मान डोलावली. तिनं पिशवी उचलली आणि गेटबाहेर गेली.