धड तयार हाय

“धड तयार हाय, मुंडकं तेवढं सांगा.” छापखान्याच्या दारात गिऱ्हाईक दिसलं की मामा हे म्हणायचे, आणि समोरचा हसला नाही तर पुन्हा म्हणायचे.

मामा लाकडावर चित्रांचे ठसे कोरायचे. कळंबच्या त्या छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायला होतो. निजामाच्या अमदानीत त्यांना हुजुरांची तसबीर कोरायचं काम मिळालं होतं. नमुना होताच, पण कचेरीतून कुणीतरी सांगितलं, छाती दोन बोटं रुंद हवी. मामांनी केली. ती तसबीर चावड्याचावड्यांत लागली.

पुढं विलीनीकरण झालं, निवडणुका आल्या. मामांनी ठशावरची पदकं तासली, गळ्याच्या वरचं लाकूड कापून काढलं आणि तिथं उमेदवाराचं डोकं बसवलं. दर वेळी डोकं नवं, छाती तीच. तुम्हीही ती पत्रकं पाहिली असतील आणि गप्प बसला असाल. आम्हीही बसलो. मला अजून चीड येते ती त्याचीच.

मामांनाही यायची. “राजा गेला म्हंतेत, अन् मी अजून त्याचीच छाती इकायलोय!”

एकदा एक मास्तर निवडणुकीला उभे राहिले. काटकुळे, एक खांदा पडलेला. मामांनी त्यांचा ठसा पहिल्यापासून कोरला, पडक्या खांद्यासकट. पंधरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. मास्तर बघतच राहिले. “अहो, हा तर मीच!”

पण त्यांची माणसं बिथरली. “असल्या बारक्याला मत कोण देतंय? ह्याचं डोकं कापा अन् नेहमीच्या धडावर लावा.” मास्तरांनी मान खाली घातली.

मामा माझ्याकडं वळले. “तू तरी सांग की रं त्यास्नी.”

मालक बघत होते. मी खिळे जुळवत राहिलो.

“दुसऱ्याच्या हातनं नको,” म्हणत मामांनी स्वतःच करवत घेतली. खाली उरलेला तो पडका खांदा पिशवीत घालून घरी नेला. मास्तर रुंद छातीनिशीही पडले. मामा परत छापखान्यात आले नाहीत.

काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं. श्रद्धांजलीचं पत्रक काढायचं ठरलं, पण त्यांचा फोटो कुठंच नव्हता. मालकांनी कपाट उघडलं, जुना ठसा बाहेर काढला आणि सवयीनं म्हणाले, “धड तर तयार आहे.”

“मामांना ते धड लावू नका!” मी ओरडलो. मालकांसमोर मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं, आणि ते ऐकायला मामा नव्हते.