रेषेबाहेरची दोन बियाणी

मृग नक्षत्रात जुन्या जिल्ह्याने बियाण्याचे गोदाम नव्या जिल्ह्याकडे सोपवले, ते अर्धवट. जबाबदार: ताबा देणारा अधिकारी आणि ताबा घेणारा अधिकारी, दोघेही सारखेच. पुनर्वसूत दुबार पेरणीसाठी सरकारी ज्वारीचे बियाणे वाटले गेले. जबाबदार: एकही पोते उघडून न पाहता वाटपाला संमती देणारे. आश्लेषात गोदामपालाला निलंबित करून अटक झाली. जबाबदार: माझ्या आधीचे तपासी अधिकारी आणि त्यांना वरून फोन करणारे. दसऱ्याच्या सुमारास गोदामपाल सुटला आणि तो का सुटला हे कोणीही जाहीर केले नाही. याला जबाबदार कोण, हे मी शेवटी विचारणार आहे.

नावे लिहीत नाही. हुद्दे लिहिले आहेत. ज्याचा त्याला ओळखू येईल.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कार्यालये भाड्याच्या खोल्यांत होती, खुर्च्या कमी पडत होत्या, आणि कोणतेही काम घेऊन गेले की "ते अजून जुन्याकडं आहे" असे उत्तर मिळत होते. जुन्याकडे गेले की "ते आता नव्याकडं गेलं." त्यातच पावसाने दगा दिला. मृगातली पेरणी करपली. शासनाने प्रमाणित बियाणे पाठवले; लेबल लावलेली, शिवून मोहोर केलेली पोती, आत औषध चोळलेले गुलाबी दाणे. लोकांनी दुसऱ्यांदा पेरले. एक बरा पाऊसही झाला. पण उगवले नाही.

सकाळी कृषी खात्याच्या मते पाऊस दोषी होता. दुपारी मोर्चा आला. संध्याकाळी गोदामपाल दोषी झाला.

मी त्या वेळी फौजदार होतो. तपास माझ्याकडे आला तेव्हा आरोपी न्यायालयीन कोठडीत होता आणि कागदांवरून पाहता काम संपलेले होते. चांगले बियाणे बाहेर विकले, पोत्यांत साधी, जुनाट ज्वारी रंगवून भरली, असा आरोप. चांगले बियाणे कोणाला विकले, याचे उत्तर नव्हते. ते कोणी विचारलेही नव्हते.

रेणापूरकडच्या एका गावातल्या काकू ठाण्यात आल्या, तिथून हा तपास खऱ्या अर्थाने सुरू झाला. सोबत त्यांचे दीर होते. काकूंनी दोन मुठी माती टेबलावर ठेवली. हवालदार ओरडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "वरडू नगा. ही माझ्या वावरातली, ही ह्याच्या. मधी निसता बांध हाय. एका दिशी पेरलं, एका पावसात भिजलं. ह्याचं उगलं, माझं न्हाई. पाऊस काय बांधावर थांबतो का सायेब?"

"यांनीही सरकारी बियाणं पेरलं?" मी विचारले.

"ह्यो? ह्यो लई चिंगूस. सरकारीला निम्मे पैसे भरायचे तेबी जिवावर आले. निलंग्याच्या बाजारातून सुट्टं आणलं, सगळ्यात स्वस्त. गाव हसलं ह्याला."

"आता हसा की," दीर म्हणाले.

मी दोघांच्या घरी उरलेले चारदोन शेर बियाणे पंचांसमक्ष ताब्यात घेतले, दिरांनी कोणत्या दुकानातून आणले तेही लिहून घेतले. मग तुरुंगात जाऊन गोदामपालाला भेटलो. तिशीतला माणूस, घरातला पहिला सरकारी नोकर. त्याच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर मुलाला शिकवायचे ठरवले, मजुरीवर शिकवले. तो माझ्याशी बोलताना उभाच राहिला. बस म्हटले तरी बसला नाही.

"सायेब, गोदामाला कुलपं दोन. एक जुन्या जिल्ह्याचं, एक नव्याचं. दोन्ही किल्ल्या लागल्याबिगर दार उघडत न्हाई. माझ्याकडं एकबी किल्ली नव्हती."

"हे जबाबात नाही."

"सांगितलं व्हतं. तवा लिहिणाऱ्यानं पेन खाली ठेवला."

"मग किल्ल्या कोणाकडे?"

"जुन्या हापिसाच्या सायबाला दर खेपेला एसटीनं यायचा कटाळा. त्यांनी वाहतूक ठेकेदाराच्या मुनीमाकडं ठिवली, म्हणाले, तुझा ट्रक जातोच की. नव्या सायबांनी म्हटलं, ताबा पुरा झाला न्हाई, मी किल्ली संभाळणार न्हाई. त्यांनीबी त्यालाच दिली. मी निसता वट्ट्यावर बसून पोती मोजायचो."

थोड्या वेळाने तो खाली पाहून म्हणाला, "गावात काय म्हणायलेत, म्हाईत हाय का? ह्यांना कोठारावर बसवलं तर असंच व्हणार, असं म्हणतेत. 'ह्याला' न्हाई सायेब. 'ह्यांना'."

हे वाक्य मी मऊ करून लिहिणार नाही. एका माणसावरच्या आरोपाने एक अख्खा समाज पिंजऱ्यात उभा केला होता, आणि ते करणाऱ्यांत शिकलेले लोकही होते.

पण राग हा पुरावा नव्हे. त्याचे म्हणणे खरे मानायलाही काहीतरी हाती लागायला हवे होते. मी लातूर, रेणापूर, निलंगा या पट्ट्यातल्या दुकानांतून उरलेल्या ज्वारीच्या बियाण्याचे नमुने घेतले, प्रत्येकाची विक्रीची किंमत लिहून. सरकारी पोत्यांतला नमुना घेतला. त्याची किंमत लेबलवरची पूर्ण धरली, सवलतीची नव्हे. सीलबंद नमुने प्रयोगशाळेला रवाना केले. अहवालाला महिने लागणार होते, म्हणून आमच्या भागात शेतकरी पेरणीआधी करतात ती चाचणी ठाण्याच्या मागच्या पडवीत लावली: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, गोणपाट कोरडे पडू द्यायचे नाही आणि कोंब किती फुटले ते मोजायचे.

ठाण्याला पाणी टँकरने येत होते. हवालदार गोणपाटावर तांब्या रिकामा करताना रोज कुरकुरायचा. "माणसाला तांब्याभर, ज्वारीला घागरभर. साहेब, मलाबी एखाद्या गोणपाटात गुंडाळा."

"तुला कोंब फुटणार असतील तर गुंडाळतो," मी म्हणालो.

आकडे आले आणि मी गोंधळलो. सर्वसाधारणपणे महाग बियाणे चांगले उगवलेले दिसत होते, पण पक्के काही म्हणता येईना. त्याच आठवड्यात एका साक्षीसाठी नांदेडला जावे लागले. तिथे माझ्या वहिनींच्या ओळखीच्या एक बाई महाविद्यालयात सांख्यिकी शिकवत. बोलायला फटकळ. मी कागद पुढे केला.

"फौजदारसाहेब, नुसते आकडे काय बघता? मांडा की." त्यांनी चौकटीचा कागद घेतला. आडव्या रेघेवर किंमत, उभ्या रेघेवर शंभरातले किती उगवले ते. प्रत्येक दुकानासाठी एक ठिपका दिला. मग सर्व ठिपक्यांना मिळून सर्वांत जवळून जाईल अशी एक सरळ रेषा गणिताने काढली. प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा आणि त्या वर्गांची बेरीज कमीत कमी येईल अशी रेषा निवडायची, एवढेच ते गणित.

रेषा जवळजवळ आडवी आली.

"म्हणजे किंमत आणि उगवण यांचा संबंधच नाही?" मी निराश होऊन विचारले.

"असं ही रेषा म्हणते. पण हे दोघे बघा, कुठं जाऊन बसलेत." एक ठिपका उजवीकडे अगदी तळाशी होता: महाग आणि उगवण नाही. दुसरा डावीकडे अगदी वर: स्वस्त आणि भरघोस उगवण. "हे दोघंच रेषेला आपल्याकडं ओढतायत. वर्ग घेतला की लांबच्याचं वजन फार वाढतं. तुम्ही संशयिताला पंच म्हणून बसवता का?"

"नाही."

"मग यांना बाहेर उभं करा. उरलेल्यांची रेषा काढू."

नवी रेषा काढली आणि ती व्यवस्थित चढत गेली. किंमत वाढली की उगवण वाढत होती. थोडेफार वरखाली सोडले तर प्रत्येक दुकानदार रेषेच्या आसपास उभा होता. मग बाईंनी त्या दोघांना पुन्हा कागदावर आणले. तळाचा ठिपका सरकारी पोत्याचा होता, हे मला अपेक्षितच होते. वरचा निलंग्याच्या एका दुकानाचा होता. काकूंच्या दिरांनी जिथून बियाणे घेतले, तेच दुकान.

बाईंनी पेन्सिलीने त्या दोन ठिपक्यांच्या उंचीची अदलाबदल केली. सरकारी पोत्याला निलंग्याची उगवण दिली, निलंग्याला सरकारी पोत्याची. दोन्ही ठिपके रेषेवर जाऊन बसले.

एकीकडचा माल दुसरीकडे गेला असावा, असे कागद सांगत होता.

"पण ऐका," त्यांनी बजावले. "ही रेषा कोर्टात नेऊ नका. किंमत जास्त म्हणून माल चांगला होतो, असं ती सांगत नाही. दोन्ही गोष्टी बरोबरीनं चालतात, एवढंच सांगते, तेही या मूठभर नमुन्यांपुरतं. कुठं बघायचं ते कळलं. बघायचं काम तुमचं."

त्यांचा हा इशारा मी पुढे नोकरीभर पाळला. अंदाज तपासाला वाट दाखवतो; शिक्षा पुराव्यानेच व्हायला हवी.

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन निलंग्याला गेलो. दुकानदार पन्नाशीचा, बोलका. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी चहा घेतला नाही.

"बियाणं फार स्वस्त दिलंत तुम्ही."

"गरिबाची सेवा हाय सायेब. स्वस्त इकणं गुन्हा झाला का आता?"

"नाही. पण इतकं चांगलं बियाणं इतक्या स्वस्तात विकणारा या पट्ट्यात दुसरा कोणी नाही. कुठून आणलंत?"

"आडतीतून. सुट्टं. देवाची किरपा, चांगलं निघालं."

कोपऱ्यातल्या पिंपात शेवटचे बियाणे होते, राखेत घोळलेले. आमच्याकडे कीड लागू नये म्हणून बियाण्याला राख लावतात, त्यामुळे कोणाला संशय यायचे कारण नव्हते. मी खिशातला पांढरा रुमाल पाण्यात भिजवला, मूठभर दाणे त्यात घेतले आणि पंचांच्या डोळ्यांसमोर चोळले. आधी राखेचा करडा डाग पडला. मग त्याच्याखालून गुलाबी रंग आला.

दुकानदार रुमालाकडे पाहत राहिला. "हे... हे मला म्हाईत न्हाई."

"राख कोणी लावली?"

"सायेब, माल तसाच आला."

"रंगासकट राख लावून?"

"मुनीमानं सांगितलं, राखंत घोळ, कोण बगणार न्हाई," तो एकदम बोलून गेला, आणि खाली बसला. "लेबलाबिगर कोण जास्त पैसे देतंय? अन पेरणी सरायच्या आत काढायचं व्हतं. म्हनून स्वस्त काढलं. वाईट माल दिला असता तर बोंब झाली असती. चांगला दिला, तरी तुमी आलाच."

हे शेवटचे वाक्य मला फार शिकवून गेले. वाईट माल महाग मिळाला की लोक ठाण्यात येतात. चांगला माल स्वस्तात मिळाला की कोणी तक्रार करत नाही. आणि आपण पोलीस फक्त तक्रारीच्या दिशेने पाहायला शिकलेलो असतो. त्या पिंपाकडे कोणी वळूनही पाहिले नसते.

पुढचे काम सरळ होते. मुनीमाकडून दोन्ही किल्ल्या जप्त झाल्या. मुनीमाची माणसे गोदामातून पोती काढून वाटेतल्या एका शेडमध्ये त्यांची तळाची शिवण उसवून माल बदलत, म्हणून वरची मोहोर शाबूत राहत होती. तिथे सुया, सुतळी आणि रंगाचे डबे सापडले. प्रयोगशाळेच्या अहवालाने आमच्या गोणपाटांना दुजोरा दिला. मुनीम आणि दुकानदार यांना शिक्षा झाली. किल्ल्या वाटून मोकळ्या झालेल्या दोन अधिकाऱ्यांवर खटला भरण्याची परवानगी मी मागितली. ती आजतागायत आलेली नाही. दोघेही बढती घेऊन निवृत्त झाले.

गोदामपालाला सोडण्याच्या अहवालात मी स्पष्ट लिहिले होते: "गुन्ह्याशी संबंध नाही. गोदामाची एकही किल्ली त्याच्या ताब्यात नव्हती." वरिष्ठांच्या कार्यालयातून अहवाल पुढे गेला तेव्हा त्या जागी "पुराव्याअभावी मुक्त" असे होते. मी लेखी हरकत घेतली. निवृत्तीनंतरही पत्रे लिहितो आहे. पोच येते, उत्तर येत नाही.

मागच्या महिन्यात त्याच्या गावी गेलो. तोही आता निवृत्त आहे. अंगणात खुर्ची टाकून दिली, पण स्वतः उभाच राहिला. मी हात धरून बसवले.

"नोकरी परत मिळाली सायेब, मागचा पगारबी मिळाला. ती तक्रार न्हाई. पण निलंबनाचा अन अटकेचा हुकूम खात्यानं चावडीच्या फळ्यावर लावला व्हता. माझा बाप रोज तिथून जायचा. सुटल्याचा कागद लागंल म्हणून तो मरंपर्यंत फळा बगत व्हता. लोक अजून चेष्टेत इचारतात, काय राव, ज्वारी कशी हाय यंदा?"

म्हणून हा लेख. कृषी खात्याच्या आजच्या प्रमुखांना मी विचारतो: ज्याच्या हाती किल्लीच नव्हती त्याला चोर ठरवणारा हुकूम तुमच्या खात्याने चावडीवर लावला, तो निर्दोष आहे हे लिहिलेला कागद त्याच फळ्यावर का लावला नाही? उत्तर मला पत्राने पाठवू नये. ते गावात येऊन, लोकांसमोर, त्याच्या हयातीत द्यावे.

चावडीचा फळा अजून आहे. मी स्वतः पाहून आलो. त्यावर भरपूर जागा आहे.