नको म्हणणारीला अध्यक्ष करणारे सर

उभ्या कॅनडात न्यायानं चालणारा माणूस मी एकच बघितला, आणि त्याच्याच दारातला बर्फ कधी काढलेला नसायचा. ग्वेल्फला आमच्या शेजारी राहायचे सर. युनिव्हर्सिटीत जुन्या ग्रीक लोकांचं तत्त्वज्ञान शिकवायचे. न्याय म्हणजे काय, चांगलं गाव कसं असावं, उठता-बसता तेच. सकाळी फावडं घेऊन बर्फ काढायला निघायचे, पण डोक्यात ते गाव. सगळ्या ओळीचे ड्राइव्हवे साफ करायचे अन् स्वतःच्या गाडीपाशी गुडघाभर बर्फात उभे राहून विचारायचे, "इथं कोण राहतं हो, काकू?"

मी चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर मुलाकडं आले, वर्षाच्या आत मुलगाही गेला. सुनेला हातभार म्हणून मश्रुमच्या फार्मात बारा वर्षं खुडणी केली, बोटं वाकडी झाली. असल्या बाईला हा एवढा शिकलेला माणूस कुंपणावरून विचारायचा, "काकू, ग्रीकांची एक गोष्ट आहे. बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो, अशी अंगठी. तुम्हाला मिळाली तर चोरी कराल?" म्हटलं, "सर, फार्मात अंधारच असतो, कोण बघतंय? पण एक मश्रुम खिशात घातलं नाही. मला मी दिसतच होते की." सर टोपी काढून उभे राहिले, उणे वीसमध्ये. कान लालभडक झाले तरी घालेनात, शेवटी मलाच ओरडावं लागलं.

मग मराठी मंडळात भांडण लागलं. अध्यक्ष व्हायला दोघं अडून बसले, दोन गणपती व्हायची वेळ आली. नातवंडं माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलतात. पोटभर मराठी बोलायला मला मंडळाशिवाय जागा नाही. ते फुटलं असतं तर मी मुकीच झाले असते. मीटिंगच्या दिवशी हॉलच्या किचनमध्ये मी खिचडीचं पातेलं घासत होते. बाहेर सर म्हणाले, "ग्रीक म्हणायचे, ज्याला राज्य नको त्याच्याच हाती ते द्यावं. इथं कुणाला नको?" एक हात वर होईना. तसे आत आले.

"काकू, अध्यक्ष व्हाल?"

"नको हो! खालून करपलंय, दिसत नाही का?"

"माणूस सापडला!" म्हणत ओल्या हातांनीच मला बाहेर नेलं.

एक जण चिडला, "अहो, काकूंना सही तरी येते का?"

सर म्हणाले, "पातेलं घासता येतं. तुम्हाला?"

सगळा हॉल हसला, ते दोघंही हसले. मंडळ एकच राहिलं. मी नियमही एकच केला, कमिटीनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं.

आता सर सस्काटूनला लेकीकडं असतात. यंदा गणपतीत मला शाल घातली, तेव्हा वाटलं, अजून एक वर्ष आपणच असावं. घरी येऊन फोन लावला. "सर, मला आता हवंसं वाटायला लागलंय." सर हळूच म्हणाले, "मग उठा, काकू."

उठले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षपद सोडलं.

आज सकाळी त्यांच्या जुन्या दारात बर्फ साचला होता. नवे लोक झोपलेले, रस्त्यावर कुणी नाही. वाकड्या बोटांनी झाला तेवढा काढला.