सिदोनीची गॅलरीतली जागा

नाच पुढून बघायचा असतो हे अख्ख्या पॅरिसला ठाऊक होतं. आमच्या सिदोनीने मात्र तो उभ्या जन्मात बाजूनेच पाहिला. विंगेत उभं राहून, ओठांत टाचण्या धरून. तिला दिसायचे ते घामाने निथळणारे खांदे, निसटलेले हुक, आणि प्रेक्षकांच्या नजरेआड होताच म्हातारीसारख्या धापा टाकणाऱ्या पऱ्या. पुढे बसलेल्यांना नक्की काय दिसतं, ते तिला टाळ्यांवरून ताडावं लागायचं.

ती थिएटरच्या कपडेघरात आली तेव्हा पोरसवदा होती, आणि नाचणाऱ्या बायका अजून साटीनचे जड झगे घालायच्या. मग गॅसचे दिवे आले. त्या निळसर उजेडात भुताखेतांच्या, पऱ्यांच्या गोष्टी नाचवायचं खूळ निघालं. परी म्हटली की तिला वजन कसं चालेल? झालं! साटीन गेलं आणि जाळीसारखी तलम मलमल आली. थरावर थर, कमरेपासून पोटरीपर्यंत, घंटेसारखा घेर. पुढच्या पिढीने त्याला टुटू असं लाडाचं नाव ठेवलं. सिदोनीच्या काळी सगळे त्याला नुसतं ‘पांढरा’ म्हणत.

पांढऱ्याची सगळी करामत खळीत. जास्त झाली की पुठ्ठा, कमी झाली की फडकं. सिदोनीची खळ अशी की पोरगी उडी मारून खाली आली तरी घेर क्षणभर वरच रेंगाळायचा. म्हणजे, लोक तसं म्हणत. तिने कुठे पाहिलं होतं! नव्या पोरी आल्या की ती पहिला धडा द्यायची, “बसताना मागून घेर उचलायचा गं. माझी खळ मोडलीस तर मी तंगडी मोडीन!” पोरी हसायच्या आणि उचलायच्या. ती सवय त्यांच्या अंगात अशी मुरायची, की साध्या कपड्यांत खानावळीत सूप प्यायला बसल्या तरी हात मागे जायचा.

या पोरींतच तिच्या बहिणीची ओर्तांस होती. बहीण खोकल्याने गेली आणि सिदोनीने या पोरीला कपडेघराच्या गाठोड्यांवर झोपवून वाढवलं. इतकी वर्षं ती मागच्या रांगेत नाचली. त्या हिवाळ्यात मात्र तिचं नशीब फळफळलं. नव्या नाचात दुसऱ्या अंकात ती एकटी येणार होती. चांदण्यात, तळ्याकाठी. तिने पहिलं काम काय केलं असेल? मावशीसाठी गॅलरीतली जागा धरली.

“समोरची आहे, मावशी, अगदी मधली. यंदा टाचण्या दुसऱ्या कुणाच्या तोंडात दे.”

सिदोनी रडली. मग नाक पुसून म्हणाली, “एवढ्या उंचावरून मला काय दिसणार, कप्पाळ!” पण रविवारची टोपी तिने त्याच दिवशी वाफेवर धरून नीट केली.

आणि नेमकं तेव्हाच तुरटीचं ते फर्मान आलं. दूरच्या एका गावात एका नाचणारीचा पांढरा दिव्याला लागला होता. विंगेत बसायला गेली, सवयीने मागचा घेर उचलला, आणि वाऱ्याने तो झुळकन ज्योतीवर गेला. पोर वाचली नाही. म्हणून आता सगळे पांढरे तुरटीच्या पाण्यात बुडवायचे होते. तसे बुडवलेले जळत नसत, खरं आहे. पण ते जुन्या दातांसारखे पिवळट पडत आणि ओल्या पोत्यासारखे लोंबत.

“मी नाही घालणार,” ओर्तांस म्हणाली. “आयुष्यात एकदा एकटी येणार, आणि तीही कळकट परी होऊन?”

“अगं, जिवापेक्षा का कपडा मोठा?”

“खरं सांग मावशी, तुला तो पिवळा बघायचाय?”

 सिदोनीला पांढराच बघायचा होता. फार बघायचा होता. त्या इच्छेने तिची जीभच धरली, आणि मॅनेजरनेही, नाचणाऱ्यांच्या हट्टापुढे नेहमीसारखी, नंदीबैलासारखी मान हलवली. ओर्तांसचा पांढरा तुरटीविना राहिला. सिदोनीने त्याला अशी खळ दिली की तशी कधी दिली नव्हती.

पहिल्या खेळाला ती गॅलरीत जाऊन बसली. आजूबाजूला संत्री सोलली जात होती. शेजारची जाडी बाई म्हणाली, “पहिला अंक नुसता पाल्हाळ हो. खरी मजा दुसऱ्यात!” सिदोनीने टोपीची गाठ चाचपली. पडदा वर गेला. गावकऱ्यांचं लग्न, नाचगाणी. तिची नजर मात्र रंगमंचाच्या डाव्या कडेला, विंगेतल्या त्या दिव्यावर जाऊन बसली. त्या दिव्यापाशी बाक होता. ओर्तांस तिथेच बसून थांबणार. बसताना मागून घेर उचलणार. उचलणारच, मावशीने शिकवलं होतं ना! विंगेत आगीसाठी ओलं कांबळं घेऊन बास्तियँ उभा असायचा, आणि बास्तियँ म्हणजे उभ्या उभ्या घोरणारा माणूस.

अंक संपला तशी सिदोनी उठली.

“अहो बाई, आता तर खरी मजा!” जाडी म्हणाली.

“ठाऊक आहे हो,” सिदोनी म्हणाली आणि जिना उतरू लागली. अर्ध्यावर ती थांबली. वर वाद्यं जुळत होती. परत जावं, एकदाच बघावं, एकदा बघितल्याने काय आभाळ कोसळतंय, असं तिच्या जिवाला फार वाटलं. मग तिने कठडा सोडला आणि भराभर उतरली.

बास्तियँच्या हातून कांबळं घेतलं तेव्हा त्याने धड डोळेही उघडले नाहीत. बाकामागच्या अंधारात ती उभी राहिली. ओर्तांस आली. डोळे रंगमंचावर, ओठ पांढरेफटक. बाकावर टेकली, हात मागे गेला, घेर झुळकन वर उडाला. सिदोनीने कांबळं पुढे धरलं. मलमल ज्योतीऐवजी ओल्या लोकरीवर आपटली आणि खाली बसली. पोरीला कळलंही नाही. पुढच्या क्षणी ती चांदण्यात होती, आणि सिदोनीला पुन्हा एकदा तिची पाठच दिसली.

टाळ्या खूप वेळ चालल्या. सिदोनी मागच्या जिन्याने फिरून, टोपी सारखी करून कपडेघरात आली. ओर्तांस धावत येऊन गळ्यात पडली.

“दिसलं? सांग ना, पुढून कसा दिसत होता?”

“ढग गं, नुसता ढग,” सिदोनी म्हणाली. “तू खाली आलीस तरी तो वरच राहिला.”

ओर्तांसने आनंदाने तिचे हात धरले आणि तशीच थबकली. हात गारठलेले होते, पाण्याने सुरकुतलेले. पोरीने मान वळवून मागच्या घेराकडे पाहिलं. तिथे ओलसर डाग होता, आणि त्याला कांबळ्याची करडी लोकर चिकटली होती.  

दुसऱ्या दिवशी कपडेघर उघडलं तेव्हा ओर्तांस तुरटीच्या टबावर वाकली होती. दोन्ही हातांनी पांढरा पाण्यात दाबत होती.

“अगं, अगं! बाई गं, पिवळा पडेल तो!”

“पडू दे. तू वर बस. मधल्या जागेवर. आणि उठलीस तर बघ.”

त्या संध्याकाळी सिदोनी उठली नाही. चांदण्यात तिची पोर पुढून आली. तोंड उजेडात, हात पसरलेले. घेर उडाला नाही, लोंबला. आतापर्यंत मनात धरून ठेवलेला ढग कुठेच नव्हता. तो आता कधीच दिसणार नव्हता. सिदोनीला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. शेजारचं कुणीतरी म्हणालंही, “कपडे जरा मळकट वाटतात, नाही?” तेवढ्यात ओर्तांस गिरकी घेत दिव्यांच्या अगदी जवळून गेली, आणि सिदोनीच्या काळजात धस्स झालं नाही.

टाळ्या सुरू झाल्या. आपल्या हातांचं काय करायचं ते सिदोनीला क्षणभर सुचेना. ते कोरडे होते.