नवी चेन, जुनं फ्रीव्हील

माझ्या सायकलला हात लावायचा नाही, हे मी दादाला दसऱ्याआधीच बजावलं होतं. पण मोठा भाऊ ना तो, त्याला सगळंच कळतं! दहिसरहून मालाडला ऑफिसला रोज सायकल हाणते मी, आणि अक्कल शिकवणार हा.

चेन संपलीय हे मला माहीत होतं. पेडलजवळच्या चकतीवर ती चिमटीत धरून ओढली की चक्क सुटून वर यायची, खालचा दात उघडा पडायचा. चांगली चेन तिथे हलत नाही. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलचे दातही झिजून एका बाजूला वळलेले, मांजराच्या नखांसारखे. दादाला बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, "ही दोन्ही एकमेकांबरोबर झिजलीत. बदलायची तर दोन्ही एकदम. मी सुट्टीत करून घेते, तू मध्ये पडू नकोस."

"हो गं बाई," म्हणाला.

दसऱ्याला सकाळी बघते तर सायकल धुतलेली, झेंडूची माळ घातलेली आणि चेन नवीकोरी, चकचकीत. फ्रीव्हील तेच! वरून कीर्तन, आतून तमाशा. माझं डोकंच फिरलं.

"दादा, ही चेन घसरणार. झिजलेले दात नवी चेन धरून ठेवत नाहीत. जोर लावला की उडी मारेल."

त्याने मागचं चाक उचलून हाताने पेडल गरगर फिरवलं. "बघ, झकास चालतेय. तुला ना, कुणी काही चांगलं केलेलं बघवतच नाही."

"हाताने फिरवून काय कळणार, डोंबल? वर माणूस बसू दे ना!"

"मग बस की!"

आमच्याकडे पूजा झाली की वाहनाची एक फेरी मारायचीच. चाकाखाली लिंबू तयार होतं. आईने हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "सणाच्या दिवशी नाट लावू नकोस. भावाने हौसेने केलंय. जा, फिरून ये." चाळीतले सगळे दारात उभे. नाही म्हटलं असतं तर दिवसभर सगळ्यांची तोंडं वाकडी.

लिंबू चिरडून तणतणत निघाले. नदीवरच्या पुलाचा चढ आला, पेडलवर उभी राहिले आणि चेनने कडकन उडी मारली. पाय निसटला, गुडघा दाणकन रस्त्यावर. मागच्या रिक्षावाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले.

सायकल ढकलत, लंगडत घरी आले. सलवार फाटलेली, रक्त ओघळून चपलेत. दादा धावत आला. खरं सांगते, त्याला धावताना बघून माझा निम्मा राग उतरला होता. तो खाली वाकला, सायकलपाशी. चेनवरून बोट फिरवलं आणि दारातल्या लोकांकडे बघून म्हणाला, "चेन तर शाबूत आहे."

मग मी जे तोंड सोडलं त्याने आईने कानांवर हात ठेवले. फ्रीव्हील मी स्वतः जाऊन बदलून आणलं. गुडघा मात्र बदलून मिळत नाही.

भाऊबीजेला दादा पाटावर बसला. माझा पाय अजून वाकत नव्हता, म्हणून उभ्यानेच ओवाळायला लागले.

"हे काय गं? खाली बसून नीट ओवाळ की," तो म्हणाला.

ताम्हण त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि आत निघून गेले. कुठे लागलं, एवढं त्याने आजतागायत विचारलेलं नाही.